कच्चा पिवळा

मंगळवार, नऊ एप्रिल. सकाळी सात वाजून दहा मिनिटे. नळ्या तीन.

रक्त घ्यायला आलेल्या बाईंनी त्या तिन्ही नळ्या आपल्या पेटीतल्या ठोकळ्याच्या भोकांत उभ्या केल्या, दंडावरची रबरी पट्टी सोडली, कोपराच्या खळग्यात कापूस दाबून "काका, हात दुमडून धरा, चोळू नका," असे बजावले, आणि वरच्या मजल्यावरच्या वृद्ध नवराबायकोचे रक्त घ्यायला त्या जिना चढून गेल्या. पेटी इथेच असू दे, पाच मिनिटांत येते, म्हणाल्या. म्हाताऱ्या माणसांच्या शिरा सापडायला वेळ लागतो आणि त्यांच्या गप्पा संपायला त्याहून जास्त. बाई परतल्या तेव्हा पावणेनऊ होत आले होते. मधल्या वेळात त्याने एक गोष्ट केली. करताना ती त्याला इतकी स्वाभाविक वाटली की आपण काही करतो आहोत हेसुद्धा त्याच्या ध्यानात आले नाही. कापड रंगवण्याच्या गिरणीत तो चौतीस वर्षे रंग जुळवत होता. खात्यात त्याला मास्तर म्हणत. रंग पाहायचा तर उजेडात, हे त्याच्या हाडांत मुरलेले होते. त्याने ठोकळ्यातली एक नळी उचलली, पाण्याच्या पेल्यात उभी केली आणि स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या खिडकीत, थेट उन्हात नेऊन ठेवली. मग पिशवीतून पिवळ्या रंगाच्या चिंध्यांचा जुडगा काढला. आयुष्यभर लोक त्याला पिवळा म्हणत आले होते, डॉक्टर लोक त्याच्या पिवळेपणाचा आकडा लिहीत आले होते, पण कोणता पिवळा हे एकानेही कधी सांगितले नव्हते. रंगाऱ्याच्या लेखी नुसता पिवळा असा रंगच नसतो. त्याच्या जुडग्यात पिवळे नव्वद होते.

रक्त हळूहळू खाली थिजत गेले आणि वर बोटभर पिवळे पाणी सुटले. त्याने चिंध्या एकेक करून नळीच्या मागे धरून पाहिल्या. चौदा नंबर. किंचित हिरव्याकडे झुकणारा. त्याला उगीचच बरे वाटले, जन्मगावाचे नाव नकाशात सापडावे तसे. थोड्या वेळाने पुन्हा पाहिले, तर चौदापेक्षा अकराच जवळचा वाटला. आणखी थोड्या वेळाने नववा. त्याने डोळे चोळले. आपला डोळा दमला, असे तो स्वतःशी म्हणाला. नजरेत आणि वस्तूत तंटा झाला की चूक नजरेची धरायची, ही त्याची जुनी सवय होती. बायको चहाचे आधण ठेवायला आली आणि पेल्यातली नळी पाहून थबकली. "अहो, स्वतःचं रक्त काय वाळत घातलंय उन्हात? चिमटे देऊ का?" तो हसला. जिन्यात बाईंच्या चपला वाजल्या तशी त्याने नळी पुसून ठोकळ्यात परत ठेवली. याबद्दल बाईंना काही सांगावे असे त्याच्या मनातही आले नाही.

संध्याकाळी रिपोर्ट फोनवर आला. परगावी राहणाऱ्या मुलीला तो त्याच्याआधी मिळाला होता, कारण नंबर तिचा दिला होता. "बाबा, अभिनंदन! पहिल्यांदा तुमच्या रिपोर्टात एकही लाल अक्षर नाही. बिलिरुबिन शून्य पूर्णांक आठ. चक्क नॉर्मल!" मागून जावयाचा आवाज आला, "सासरेबुवांना म्हणावं, आता पार्टी." बायकोने फोन त्याच्या हातातून घेतला, लेकीशी चार शब्द बोलली आणि ठेवताना म्हणाली, "चला, एकदाचे माणसांत आलात." तो हसला आणि मान डोलावत राहिला. मग त्याची मान डोलायची थांबली. शून्य पूर्णांक आठ. तो आकडा त्याच्या ओळखीचा होता. तो त्याच्या दादाचा आकडा होता.

त्याचा स्वतःचा आकडा दोनच्या खाली कधी आला नव्हता. कधी दोन पूर्णांक एक, कधी दोन पूर्णांक चार. एकदा तापात जेवण तुटले तेव्हा तीन. लहानपणी आई त्याला दारात उजेडाकडे तोंड करून उभे करी आणि अंगठ्याने खालची पापणी ओढून पाही. "आज पुन्हा पिवळा दिसतोय गं बाई," असे ती कुणाला उद्देशून म्हणे ते त्याला कधी कळले नाही. मग कडू काढा. मग शाळेला सुट्टी. पिवळ्या हे नाव दादाने ठेवले आणि ते असे चिकटले की शाळेतल्या बाईसुद्धा हजेरी घेताना एकदा चुकून तेच म्हणाल्या. गिरणीत नोकरीला लागला तेव्हा तिथल्या तेव्हाच्या म्हाताऱ्या मास्तरांनी त्याला खिडकीपाशी उभा करून त्याच्या डोळ्यांत पाहिले आणि मोठ्याने म्हणाले, "काविळीच्या डोळ्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात, आणि हा आला रंग जुळवायला! आंधळ्याला राखणीला बसवायची गत झाली ही." खाते हसले. मास्तरांनी दिलेला तपकिरी त्याने दिवसभरात हुबेहूब जुळवून दाखवला, त्यांनी पाठ थोपटली, पण तो शेरा कुठेतरी आत जाऊन बसला. त्यानंतर पुढची चौतीस वर्षे, प्रत्येक कापड पसंत करताना, आपल्याला दिसते ते सगळ्यांना दिसते का ही शंका त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसलेली असे. लग्न ठरताना मुलीकडच्यांनी चौकशी केली तेव्हा दादाच म्हणाला होता, "रंग जरा उतरलाय, पण कापड टिकाऊ आहे." बायको अजून भांडणात हे वाक्य काढते.

दादा आणि तो अशा दोघांनी एकाच दिवशी रक्त तपासले त्याला आता चौदा वर्षे झाली. वडील पन्नाशीला पोचण्याआधी गेले होते, काका अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. दोघांचेही हृदय, दोघांनाही आधी कसली सूचना नाही. तेव्हा दादानेच, थोरला म्हणून, धाकट्याला ओढत घरच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हातारे, पानाच्या देठासारखे वाळलेले, आणि बोलके. कागद पाहून ते दादाला म्हणाले, "बिलिरुबिन शून्य पूर्णांक आठ. तुम्ही नॉर्मल." दादाने लगेच वळून पाहिले, "ऐकलंस का, पिवळ्या?" डॉक्टर म्हणाले, "थांबा, इतकी घाई नको. यांचं दोन पूर्णांक तीन आहे. हा आजार नाही, ही ठेवण आहे. जुनं रक्त मोडलं की हा पिवळा रंग तयार होतो, तो निस्तरण्याचं काम यांचं यकृत जरा रमतगमत करतं, एवढंच. आणि गंमत सांगू? ज्यांच्या रक्तात हा रंग असा थोडा जास्त असतो, त्यांना हृदयविकार कमी होतो असं आता दिसायला लागलंय. रक्तवाहिन्यांना गंज चढू देत नाही म्हणतात." दादा म्हणाला, "म्हणजे हा नापास होऊन वर गेला आणि मी पास होऊन खालीच राहिलो?" डॉक्टर खोकत हसले. "म्हणतात, असं म्हटलं मी. लिहून देत नाही हं." धाकट्याने ते वाक्य घरी नेले, पण येताना वाटेत कुठेतरी त्यातला 'म्हणतात' गळून पडला. तीन वर्षांनी एका सकाळी कामावर निघताना दादा पलंगाच्या कडेवर बसून मोजे घालत होता. वहिनी डबा घेऊन आली तेव्हा एक मोजा पायात होता आणि दुसरा हातात. डोके भिंतीला टेकलेले, चेहऱ्यावर काहीतरी आठवल्याचा भाव. नॉर्मल माणूस. त्या घरात, रडणाऱ्यांच्या गर्दीत, मोरीतल्या आरशापुढे तोंड धुताना त्याने स्वतःची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली होती. पिवळी होती.

तेव्हापासून तो त्या रंगाच्या भरवशावर जगत आला होता. हे त्याने कुणाला सांगितले नव्हते. सांगण्यासारखे ते नव्हतेच. लोक छत्री घेऊन निघतात तसा तो रोज सकाळी आरशात डोळ्यांचा पांढरा भाग पाहून निघे. आणि गेला दीड महिना तर त्याला या छत्रीची फारच गरज लागली होती. घर तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. संध्याकाळी जिना चढताना, दुसऱ्या मजल्याचे वळण आले की छातीच्या मधोमध काहीतरी बसे. दुखणे म्हणता येणार नाही. दुखले असते तर त्याने सांगितले असते. ओझे होते ते. रंगाच्या हौदातून उपसलेले, अजून न पिळलेले कापड अंगावर यावे तसे ओले, जड, आणि कोपरापर्यंत पाझरणारे. तो थांबे. खाली वाकून बुटाची लेस सोडी आणि पुन्हा बांधी. तेवढ्यात ओझे उतरे. उतरले की तो स्वतःला समजावी: अपचन. स्नायू. वय. आणि शेवटी, खिशातला हुकमाचा पत्ता चाचपावा तसे: आपण पिवळे आहोत. पिवळ्यांना ते होत नाही.

आणि आता शून्य पूर्णांक आठ. त्या संध्याकाळी तो आरशापुढे किती वेळ उभा होता ते त्याला समजले नाही. दिव्याचा उजेड पिवळट. त्यात डोळे पिवळे दिसले तरी ते दिव्याचे पिवळेपण की डोळ्यांचे, हे ठरवणार कोण? पापणी ओढली. पांढरे दिसले. दुसरी ओढली. तिथे पिवळे. आईचा अंगठा आठवला, त्याचा खरखरीत स्पर्श. आणि मनात आले की जन्मभर ज्या रंगाला रोग समजून ती बाई रडली, तोच आपली कवचकुंडले होता, आणि ती कुणी न मागता गळून पडली. का गळावीत? यकृताला साठाव्या वर्षाच्या तोंडावर कामाचा उत्साह आला? की शरीर आवराआवर करू लागते, जाण्याआधी उसने घेतलेले परत करते? तो जेवला नाही. भूक राहिली की आपला आकडा चढतो हे त्याला माहीत होते, आणि उपाशी राहून आकडा वर आणायचा हा विचार आपण खरोखरच करत आहोत हे ध्यानात येऊन त्याला स्वतःचीच भीती वाटली. "सगळं नॉर्मल आलं तर तुमचं तोंड का असं उतरलंय?" बायकोने विचारले. "पास झालेल्या पोरानं रडावं तसं." तो म्हणाला, "सवय नाही गं." तिने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिले आणि ताट उचलले.

दुसऱ्या दिवशी गिरणीत सगळे नेहमीचे होते आणि कशाचाही आधार वाटत नव्हता. हौदांवर वाफ, जमिनीवर निळे-लाल ओघळ, पायांत खात्यातल्या रबरी चपला, कारण बूट घालून त्या ओल्या फरशीवर कुणीच जात नाही. ते कपाटात ठेवायचे आणि जाताना घालायचे. यंत्रांची घरघर त्याला रोज ऐकू येत नसे, आज ती छातीतून येते आहे असे वाटत होते. तो मधूनमधून मनगटावर बोट ठेवी. ठोके बरोबर आहेत असे वाटले की लगेच एक ठोका चुकल्यासारखा वाटे, मग तो खरेच चुकला की आपण मोजताना चुकलो या पेचात पुढचे ठोके निसटून जात. आपल्या आत एवढे मोठे यंत्र सत्तावन्न वर्षे चालू आहे आणि त्याला साधी बंद करायची कळसुद्धा आपल्या हाताशी नाही, पण ते बंद मात्र पडू शकते, याचे त्याला आजवर नवल कसे वाटले नाही? खात्यातला जोडीदार, हौदांवर देखरेख करणारा आडदांड आणि तोंडाळ माणूस, एक कापड घेऊन आला. "मास्तर, हा पिवळा पास करू का? गिऱ्हाईक खाली बसलंय, जावयासारखं रुसून." त्याने कापड उत्तरेच्या खिडकीत धरले. पाहिले. त्याला काहीच ठरवता येईना. "तूच बघ," तो म्हणाला. जोडीदार पाहतच राहिला. "मी बघू? मास्तर, चौतीस वर्षांत पहिल्यांदा. तब्येत बरी आहे ना? चेहरा चुन्यासारखा झालाय तुमचा." चुन्यासारखा. पांढरा. तो शब्द सुरीसारखा आत गेला.

तो उठून पलीकडच्या खिडकीशी गेला. तिथे उन्हात चिंध्या मांडून ठेवलेल्या असत. रंग कच्चा की पक्का हे पाहण्याची ही त्याच्या खात्याची सगळ्यांत जुनी आणि सोपी रीत: चिंधीचा अर्धा भाग जाड काळ्या पुठ्ठ्याने झाकायचा, अर्धा उघडा ठेवायचा, आणि मग पुठ्ठा काढून दोन्ही अर्ध्यांत फरक पडला का ते पाहायचे. हाताला चाळा म्हणून त्याने एक पुठ्ठा काढला. पुठ्ठ्याखालचा अर्धा गडद पिवळा. उघडा अर्धा फिका, जवळजवळ लोण्यासारखा. कच्चा पिवळा, उन्हाने उडालेला. त्याने शेरा लिहायला पेन्सिल उचलली आणि ती हातातच राहिली. चौदा. मग अकरा. मग नऊ. डोळा दमला नव्हता. डोळ्याने बरोबर तेच पाहिले होते जे समोर घडत होते, आणि ज्या माणसाने आयुष्य उन्हात उडणारे रंग पाहण्यात घालवले, त्याने स्वतःचा रंग दीड तास उन्हात ठेवून वर डोळ्यालाच दोष दिला होता.

त्याने रक्त घेणाऱ्या बाईंना फोन लावला. "बाई, एक विचारू? ते बिलिरुबिन… उजेडानं कमी होतं का?"

"होतं की, काका. उन्हात तर भराभर उडतं. तासाभरात अर्ध्यावरसुद्धा येतं. म्हणून तर आम्ही पेटीचं झाकण लावतो. का हो?"

त्याने सांगितले.

"काका, तुम्ही पेटीतनं नळी काढून खिडकीत ठेवलीत? आणि मला बोलला नाहीत?"

"रंग बघत होतो."

"रंग बघत होतो! अहो, रक्त आहे का साडी? माझी नोकरी घालवाल तुम्ही. उद्या सकाळी पुन्हा येते, आणि आता नळी माझ्या हातातनं सुटणार नाही." मग जरा मवाळ होऊन, "तुम्ही घाबरला होतात का? त्यात घाबरण्यासारखं काय होतं? आकडा तर चांगला होता."

फोन ठेवल्यावर त्याला एकदम तहान लागली. दोन पेले पाणी तो घटाघट प्यायला. अंगातून काहीतरी ओसरत गेले, हातपाय हलके झाले, यंत्रांची घरघर पुन्हा यंत्रांत परत गेली. आकडा खोटा होता. तो पिवळाच होता, पूर्वीइतकाच, आईच्या अंगठ्याखाली होता तितकाच. दादाचा आकडा दादापाशीच राहिला. जोडीदाराने परत आणलेला पिवळा त्याने नजर टाकताच नापास केला, "हिरव्याकडे गेलाय, परत टाक," आणि जोडीदार म्हणाला, "आले, आले आमचे मास्तर परत!" सगळ्या खात्याला त्याने चहा पाजला. सुटीचा भोंगा झाला तेव्हा तो शाळा सुटलेल्या पोरासारखा सगळ्यांच्या आधी फाटकाबाहेर पडला.

बायको इमारतीच्या फाटकातच भेटली, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. एक त्याने घेतली. जिना चढताना तो भराभर बोलत होता. ऊन, नळी, चौदा नंबर, बाईंचे बोलणे, सगळे एका दमात. आणि पहिला मजला मागे पडला तरी दम पुरत होता. मग दुसऱ्या मजल्याचे वळण आले. आणि ते तिथे बसलेलेच होते. नेहमीच्या जागी, नेहमीचे ओले वजन घेऊन, जणू आकडा शून्य पूर्णांक आठ आहे की दोन पूर्णांक तीन याची त्याला कुणी वर्दीच दिली नव्हती. काल रिपोर्ट आल्यावर त्याला वाटले होते की रंग उडाला म्हणून ते येते. आज रंग जागेवर होता आणि तेही जागेवर होते. आजवर स्वतःत आणि त्या ओझ्यात तो रंगाची जी भिंत समजत होता, तिथे काहीच नव्हते. मोकळी जागा होती, आणि तीतून ते ओझे सरळ चालत आले होते. भीती म्हणजे काय हे कालपासून आपण नुसते घोकत होतो, खरी ती ही, हे त्याला कळले: तिला कारण नव्हते, आणि तिच्याशी वाद घालायला हातात एकही आकडा उरला नव्हता. कोपरापर्यंत पाझर आला. जबड्याखाली काहीतरी आवळले. त्याने पिशवी पायरीवर ठेवली आणि तो सवयीने खाली वाकला.

"काय झालं?" वरच्या पायरीवरून तिने विचारले.

"काही नाही. बुटाची लेस सुटली."

त्याचे बोट लेस शोधत होते आणि ओल्या रबरावरून घसरत होते. मग त्याने पाहिले. पायांत निळ्या डागांच्या, खात्यातल्या रबरी चपला होत्या. बूट गिरणीच्या कपाटात राहिले होते. आनंदाच्या भरात तो तसाच निघून आला होता.

"दीड महिना बघतेय मी," बायको म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "या वळणावर रोज तुमची लेस सुटते. मी म्हटलं, म्हातारपणी माणूस गाठ मारायला विसरला. आज काय, चपलेची सुटली?"

तो हसायला गेला. हसायला लागतो तेवढा श्वास आत नव्हता. ती दोन पायऱ्या खाली आली, हातातली पिशवी भिंतीला टेकवून तिथेच बसली आणि शेजारची पायरी थोपटली. "बसा."

तो बसला. कठड्याच्या गजांतून खालच्या मजल्यावरचे बंद दार दिसत होते, दाराशी ठेवलेले लहान मुलांचे बूट दिसत होते. "अगं, माझं बिलिरुबिन दोनच्या वर आहे," तो म्हणाला. "कालचा आकडा खोटा होता. उद्या पुन्हा बघ, दोनच्या वरच येणार. डॉक्टर म्हणाले होते, ज्यांचं…"

"मी आकडा विचारलाच नाही."

"म्हणजे पिवळ्या लोकांना ते…"

"अहो." तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "छातीत होतं का काही?"

वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला. पाइपातून पाणी उतरल्याचा आवाज भिंतीत झाला आणि थांबला. नाही, हा शब्द त्याच्या तोंडात तयार होता. दीड महिना तो तिथेच राहत होता. तो बाहेर काढायला काहीच कष्ट नव्हते. मोजे घालणाऱ्या दादालाही आदल्या दिवशी कुणी विचारले असेल का? वहिनीने विचारले असेल, आणि त्याने म्हटले असेल, मी नॉर्मल आहे. माणसे आकड्याच्या आड उभी राहतात. कुणी चांगल्या आकड्याच्या, कुणी वाईट. "होतं," तो म्हणाला. तो शब्द इतका लहान होता की तिने ऐकला की नाही अशी त्याला शंका आली, पण गुडघ्यावरचा तिचा हात घट्ट झाला. "दीड महिना. इथेच, या वळणावर. डावा हातही जड होतो." बोलून टाकल्यावर बरे वाटेल असे त्याला वाटले होते. तसे झाले नाही. जे आजवर फक्त त्याच्या आत होते ते आता जिन्यात, दोघांच्या मध्ये, भाजीच्या पिशवीशेजारी बसले होते.

"लेकीला आत्ता कळवू नकोस," तो म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली आणि फोन काढला.

रात्रीपर्यंत दवाखान्यातल्या खाटेवर छातीला तारा लागल्या. गुरुवारी सकाळी बाई घराऐवजी तिथे आल्या, नळीला काळा कागद गुंडाळून घेऊन गेल्या, आणि जाताना म्हणाल्या, "बघा, तुमच्यासाठी पडदानशीन केलीय." हृदयाच्या डॉक्टरीणबाई वयाने त्याच्या मुलीएवढ्या होत्या. त्याने त्यांना सगळे सांगितले: दादा, आकडे, म्हातारे डॉक्टर, गंज. त्यांनी मध्येच न तोडता ऐकून घेतले. "ते खोटं नाही बोलले," त्या म्हणाल्या. "हजार पिवळे आणि हजार पांढरे घेतले, तर पिवळ्यांत हा आजार थोड्या कमी जणांना दिसतो. पण काका, तुम्ही हजार नाही. तुम्ही एक आहात. आणि त्या कमी जणांतही कुणीतरी असतंच की." बायको दाराशी उभी होती. ती पुटपुटली, "पिवळेपणानं आयुष्यभर पगार खाल्ला, आता काम कर म्हणावं त्याला." डॉक्टरीणबाई हसल्या. त्याला हसू आले नाही. मनगटातून नळी घालून हृदयाच्या धमन्या पाहायच्या होत्या, आणि त्यासाठी त्याचे मनगट पुसले जात होते.

दिव्याखालच्या अरुंद टेबलावर त्याला निजवले तेव्हा खोली फार थंड होती. मनगटातून एक बारीक नळी आत सरकत गेली. ती कुठे पोचली हे कळत नव्हते, आणि न कळणेच भयंकर होते. "आता रंग सोडतोय," कुणीतरी म्हणाले, "जरा गरम वाटेल." छातीत ऊब पसरली, घशाशी आली, पोटात उतरली. डावीकडच्या पडद्यावर राखाडी धुक्यात एक काळी फांदी फुटली, तिला डहाळ्या फुटल्या, डहाळ्यांना काड्या, आणि ती सगळी झाडी एका लयीत आक्रसू आणि पसरू लागली. तो पाहत होता. रंग कापडात कसा भिनतो, कुठे ओढ घेतो, कुठे अडतो हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको होते. मोठ्या फांदीत रंग भरून आला, खाली उतरला, आणि एका जागी, बोटाने दाखवता यावे अशा जागी, सुतासारखा बारीक होऊन पलीकडे गेला. त्याने डोळे मिटले. पुन्हा उघडले. सूत तिथेच होते. या वेळी त्याने डोळ्याला दोष दिला नाही.

"दिसलं," तो म्हणाला. "किती?"

डॉक्टरीणबाईंनी उत्तर द्यायच्या आधी शेजारच्या माणसाकडून सकाळचा कागद मागून घेतला, त्यावर नजर टाकली, आणि दोन्ही आकडे त्याला एकदमच सांगितले. बिलिरुबिन, दोन पूर्णांक तीन. मुख्य धमनीतला अडथळा, नव्वद टक्के.